ऑटो-लॉक टाइमआउट (मोबाइलमधल्या पासवर्ड मॅनेजरचा)

पासवर्ड मॅनेजर एकदा उघडला की किती वेळ उघडा राहणार आणि मग आपणहून कधी लॉक होणार, हे ठरवणारी सेटिंग म्हणजे ऑटो-लॉक टाइमआउट. बिटवॉर्डन नावाच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये हिला वॉल्ट टाइमआउट म्हणतात, वॉल्ट म्हणजे तिजोरी, जिच्यात आपले सगळे पासवर्ड ठेवलेले असतात. पर्याय लगेच, १ मिनिट, ५, १५, ३० मिनिटं, १ तास, ४ तास, अ‍ॅप पुन्हा सुरू झाल्यावर आणि कधीच नाही, असे असतात. मिनिटं मोजली जातात ती आपण अ‍ॅपला शेवटचा हात लावला तेव्हापासून.

आता सगळे विचारतात की फोनला आधीच लॉक आहे ना, मग हे आणखी एक कशाला? तर फोनचं लॉक कामाचं स्क्रीन बंद असताना, आणि उघडा फोन दिवसातून किती वेळा दुसऱ्याच्या हातात जातो ते बघा जरा. इथे इंदूरला आपल्या मराठी घरांत मुंज-लग्न असलं की फोटो बघायला फोन एका मावशीकडून दुसऱ्या मावशीकडे फिरत असतो, मध्येच एखादं पोरगं गेमसाठी पळवतं, रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या खाऊच्या बाजारात गेलो तर एका हातात गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट आणि दुसऱ्या हातात पेमेंटसाठी उघडलेला फोन, आणि त्या गर्दीत कोणी तो हिसकावला तर स्क्रीनलॉक काहीच कामाचं नाही कारण ते तर आपणच काढून ठेवलेलं. टाइमआउट आहे तो या वेळांसाठी.

आत काय घडतं तेही समजून घ्या. पासवर्ड फोनमध्ये एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा रूपात पडलेले असतात, बहुतेक ठिकाणी एईएस-२५६ नावाच्या पद्धतीने, आणि ते उघडणारी किल्ली मास्टर पासवर्डपासून, म्हणजे तिजोरी उघडायच्या त्या एका मुख्य पासवर्डपासून तयार होते. अ‍ॅप उघडं असेपर्यंत ही किल्ली रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या मेमरीत असते, लॉक लागलं की ती काढून टाकतात. "कधीच नाही" निवडलं तर बिटवॉर्डन किल्ली फोनमध्येच साठवून ठेवतं, म्हणून हा पर्याय मी तरी कोणालाच सांगत नाही.

टाइम संपल्यावर नुसतं लॉक करायचं की लॉगआउट, हे वेगळं निवडावं लागतं आणि इथे लोक फसतात. लॉक म्हणजे दुकानाचं शटर पाडलं पण माल आतच, त्यामुळे नेट नसलं तरी उघडता येतं. लॉगआउट म्हणजे मालच दुकानातून उचलून नेला, परत आत यायला नेट पाहिजे आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारं लॉगिन) लावलं असेल तर तोही कोड पाहिजे. ट्रेनमध्ये रेंज नसताना लॉगआउट झालं तर हात चोळत बसायचं.

आमच्या काकांनी "लगेच" ठेवलं होतं आणि फिंगरप्रिंट बंद. लाइट बिल भरायला ब्राउझरमध्ये गेले की इकडे लॉक लागून जायचं, परत आले की लांबलचक मास्टर पासवर्ड टाका, असं आठवडाभर करून ते इतके वैतागले की मास्टर पासवर्ड बदलून जन्मतारीख करून टाकली. म्हणजे जास्त सेफ करायला गेले आणि तिजोरीच कच्ची झाली. म्हणून माझं मत असं की फिंगरप्रिंट किंवा फेस चालू करा आणि टाइम १ मिनिट किंवा लगेच ठेवा, बोट टेकवायला कोणाला त्रास होत नाही. बायोमेट्रिक, म्हणजे हे बोट-चेहरा, नकोच असेल तर ५ ते १५ मिनिटं ठीक. आणि ऑटोफिल, म्हणजे पासवर्ड आपोआप भरण्याची सोय, लावाच, अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या ८ व्या व्हर्जनपासून आणि आयफोनवर २०१८ च्या आयओएस १२ पासून आहे, मग अ‍ॅपमधून बाहेर-आत करावंच लागत नाही.

"अ‍ॅप पुन्हा सुरू झाल्यावर" याच्या भरवशावर राहू नका, अँड्रॉइड रॅम कमी पडली की मागची अ‍ॅप स्वतःच बंद करतं, त्यामुळे कधी दहा मिनिटांत लॉक तर कधी दिवसभर उघडंच. कॉपी केलेला पासवर्डही लॉक लागल्यावर क्लिपबोर्डवरून (कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं तिथून) जाईलच असं नाही, त्याची सेटिंग वेगळी असते. उघडायला मास्टर पासवर्डऐवजी पिन लावला असेल तर बिटवॉर्डन तो ५ वेळा चुकल्यावर सरळ लॉगआउट करतं.

फिंगरप्रिंटचा एकच धोका, मास्टर पासवर्ड विसरतो. नवीन फोन घेतला की बोट चालत नाही, तिथे सहसा मास्टर पासवर्डच लागतो आणि बिटवॉर्डनवाल्यांना तो माहीत नसतो, ते काढून देऊ शकत नाहीत. काका आता दर रविवारी पोहे खाऊन झाले की एकदा लॉगआउट करून तो हाताने टाइप करतात, आणि कागदावर लिहिलेला घरच्या कपाटात आहे, काकूंना जागा माहीत आहे.