मोटरचा टॉर्क आणि ड्राइव्हची निवड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंधेरी, वसई, भिवंडी या पट्ट्यातील गाळ्यांमधून आमच्याकडे येणारी मागणी बहुधा एका वाक्याची असते : ‘पाच एचपीच्या मोटरसाठी ड्राइव्ह हवा.’ एवढ्या माहितीवर ड्राइव्ह, म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेवर ताबा ठेवून तिला चालवणारे उपकरण, विकता येतो. तो यंत्राला लागू पडेलच असे नाही. मोटरचा वेग राखणे आणि तिचा टॉर्क, म्हणजे शाफ्टला पीळ देणारा जोर, राखणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पाच एचपीची, म्हणजे सुमारे 3.7 किलोवॉटची, मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटर पूर्ण भाराला साधारण 24.5 न्यूटन-मीटर टॉर्क देते. प्लास्टिक फिल्म गुंडाळणाऱ्या वाइंडरवर मात्र हा एकच आकडा पुरत नाही. फिल्मवर 100 न्यूटनचा ताण हवा असेल, तर रोलची त्रिज्या 5 सेंटिमीटर असताना रोलच्या शाफ्टवर 5 न्यूटन-मीटर पुरतात आणि ती 25 सेंटिमीटर झाली की 25 न्यूटन-मीटर लागतात. टॉर्क तेवढाच ठेवला, तर रोल भरत जाईल तशी फिल्म सैल पडते. शाफ्टचा वेग तेवढाच ठेवला, तर ती ओढली जाऊन तुटते. म्हणून नियंत्रकाला त्रिज्येचा हिशेब सतत ठेवून त्या प्रमाणात टॉर्क वाढवावा लागतो.

साध्या व्हीएफडीमध्ये, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी यांचे प्रमाण राखले जाते; टॉर्क किती मिळतो, याकडे तो फारसा पाहत नाही. पंप आणि पंख्यांना तेवढे पुरते, आणि तेथे महागडा ड्राइव्ह घेऊ नये, असेच आम्ही सांगतो. वेक्टर नियंत्रणात, ज्याचा पाया 1970 च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांनी घातला, ड्राइव्हमधील प्रोसेसर सेकंदाला हजारो वेळा मोटरचा प्रवाह मोजतो आणि हिशेबाने त्याचे दोन भाग करतो : चुंबकीय क्षेत्र उभे करणारा आणि टॉर्क देणारा. पहिला स्थिर ठेवून दुसरा कमी-जास्त केला की टॉर्क त्याच प्रमाणात बदलतो. मुंबईच्या लोकलमध्ये डीसी मोटरची जागा थ्री-फेज मोटरने घेतली, तीही अशाच संगणकीय नियंत्रणाच्या बळावर.

हा हिशेब मोटरच्या वाइंडिंगचा आणि रोटरचा रोध धरून होतो. त्यामुळे जळालेली मोटर रिवाइंड करून आणली की ऑटो-ट्यूनिंग, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच मोटरची ही मापे घेणे, पुन्हा करणे आवश्यक आहे. ‘मोटर तीच आहे’ हे आम्ही अनेकदा ऐकतो, पण ड्राइव्हच्या दृष्टीने ती तीच राहिलेली नसते. मोटर तापली की रोटरचा रोध वाढतो आणि टॉर्कचा अंदाज थोडा सरकतो. अगदी मंद वेगावर पूर्ण टॉर्क हवा असेल, तर एन्कोडर, म्हणजे शाफ्टचे फिरणे मोजणारा सेन्सर, बसवावा. शिवाय मोटरचा स्वतःचा पंखा तेव्हा पुरेशी हवा देत नसल्याने वेगळा ब्लोअरही लागतो.

टॉर्क मोडमध्ये, म्हणजे ड्राइव्ह वेगाऐवजी टॉर्क राखत असताना, फिल्म मध्येच तुटली, तर अडवणारा भार नाहीसा होऊन मोटर सुसाट वेग घेते. म्हणून कमाल वेगाची मर्यादा घातल्याशिवाय आम्ही यंत्र ताब्यात देत नाही. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही मिनिटे टिकते. आवरणावर लिहिलेली वेळ उलटेपर्यंत झाकण उघडू नये.

मागणी नोंदवताना नेमप्लेटचे छायाचित्र, गिअरचे प्रमाण, रोलचा लहानात लहान व मोठ्यात मोठा व्यास आणि मोटर पूर्वी रिवाइंड झाली आहे का, एवढे कळवावे.