दाराच्या आत कोण, बाहेर कोण : घुसखोरीच्या थरारपटांतील प्रतिनिधित्व

घरात कोंडलेले कुटुंब आणि दार फोडू पाहणारे परके हा साचा अमेरिकी मूकपटांत १९०९ पर्यंत आकाराला आला होता. १९१५ मधील एका गाजलेल्या मूकपटाने त्याला उघड वर्णद्वेषी रूप दिले : झोपडीत गोरे कुटुंब, भोवती कृष्णवर्णीय सैनिकांचा वेढा आणि सुटकेला धावणारे ‘कू क्लक्स क्लॅन’ या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचे घोडेस्वार. १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या निर्मितीसंहितेत, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याविषयी हॉलीवूडने स्वतःच घातलेल्या नियमांत, गोऱ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींचे प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई होती, त्यामुळे मिश्रवंशीय कुटुंबाचे घर पडद्यावर येण्याची वाटच बंद राहिली. ही संहिता १९६८ मध्ये मोडीत निघाली.

त्याच वर्षीचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा खरे तर भयपट. पण वेढलेल्या घराची ही गोष्ट वगळून ‘कलरब्लाइंड कास्टिंग’, म्हणजे वर्ण न पाहता केलेली पात्रनिवड, या संज्ञेतला गुंता उलगडत नाही. पटकथेत नायकाच्या वर्णाचा उल्लेख नव्हता आणि चाचणीत सर्वांत सरस ठरला म्हणून कृष्णवर्णीय नटाला घेतले, असे दिग्दर्शकाने पुढे वारंवार सांगितले. या खुलाशाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, परंतु तो अपुरा आहे. रात्रभर घर राखणारा हा नायक सकाळी खिडकीशी येतो आणि सशस्त्र गोऱ्या शोधपथकाच्या गोळीने मरतो. त्याच एप्रिलमध्ये नागरी हक्क चळवळीच्या अग्रणी नेत्याची हत्या झाली होती. ऑक्टोबरमध्ये हा शेवट पाहणाऱ्याला नायकाचा वर्ण न दिसणे अशक्य होते. निवडीच्या वेळी जो वर्ण विचारात घेतला नव्हता, तोच प्रेक्षागृहात कथेचा आशय झाला. म्हणूनच ‘वर्ण पाहिला नाही’ हे विधान निवडप्रक्रियेपुरते खरे असू शकते. तयार झालेल्या चित्रपटाविषयी ते काहीच सांगत नाही, आणि वादात या दोन गोष्टींची सतत सरमिसळ होते.

२०१३ नंतर हा प्रश्न अधिक स्पष्टपणे पुढे आला. त्या वर्षीच्या ‘द पर्ज’मध्ये जखमी कृष्णवर्णीय माणूस सुखवस्तू गोऱ्या कुटुंबाच्या घरात आश्रय घेतो आणि अखेर त्यांनाच वाचवतो, मात्र श्रेयनामावलीत तो केवळ ‘रक्ताळलेला अनोळखी’ होता. त्याला नाव मिळाले ते मालिकेच्या २०१६ मधील भागात. २०१८ च्या ‘ब्रेकिंग इन’मध्ये मुले आत, आई बाहेर आणि आत शिरण्याची धडपड त्या कृष्णवर्णीय आईचीच, अशी उलटापालट झाली, २०१९ च्या ‘अस’मध्ये तर कृष्णवर्णीय कुटुंबावर त्यांचीच प्रतिरूपे चालून आली. अपंगत्वाच्या बाबतीत मात्र बदल फारच संथ होता : १९६७ मध्ये अंध नायिका डोळस अभिनेत्रीने साकारली, आणि २०१६ मध्येही कर्णबधिर नायिकेची भूमिका ऐकू येणाऱ्या अभिनेत्रीनेच केली.

२०२० मध्ये अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठेचे चित्रपट पुरस्कार देणाऱ्या संस्थेने सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेसाठी समावेशकतेचे चार निकष जाहीर केले. त्यांपैकी दोन पूर्ण करण्याची अट २०२४ च्या सोहळ्यापासून लागू झाली. पडद्यावरील प्रतिनिधित्वाचा निकष पूर्ण करण्याचा एक मार्ग म्हणजे अल्पप्रतिनिधित्व असलेल्या वांशिक गटातील कलाकाराला प्रमुख किंवा महत्त्वाची सहायक भूमिका देणे. ती भूमिका घरमालकाची आहे की घुसखोराची, याची नोंद हा निकष घेत नाही.