पद्मिनीच्या पत्र्याला कोणतं वेल्डिंग मशीन?

ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या, पण हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून आहेत आणि त्यांचा पत्रा खालून सडतोय. या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोअर आणि दाराखालची सिल हाच तिचा सांगाडा, त्यामुळे तिथे लांबी (पुट्टी) भरून भागत नाही. सडका पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

मशीन घेताना बहुतेक जण ‘250 अँपिअर’ हा आकडा बघतात. तो जाहिरातीचा आकडा आहे. बॉडीचा पत्रा 0.8 ते 1 मिलिमीटर, त्याला 30 ते 45 अँपिअर पुरतात. मशीन किती कमी अँपिअरपर्यंत उतरतं आणि तिथे आर्क (पत्रा वितळवणारी विजेची ठिणगी) स्थिर राहतो का, हे विचारा.

कारण खरा शत्रू उष्णता. पोलाद दर अंशाला मीटरमागे 12 मायक्रोमीटर प्रसरण पावतं. वेल्डिंगच्या टाक्याजवळचा तापलेला भाग फुगू बघतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. पूर्ण जखडलेलं साधं पोलाद शंभरेक अंशांनी तापलं, तरी आतला दाब त्याच्या सोसण्याच्या मर्यादेला भिडतो. वेल्डिंगमध्ये तर ते वितळतं. मग मऊ झालेला भाग आडवा वाढायच्या ऐवजी जाडीत दबतो. थंड होताना तो आक्रसतो, आता आधीपेक्षा आखूड, आणि चारही बाजूंनी पत्रा ओढतो. बॉनेटवर लाटा येतात त्या अशा. उपाय एकच: मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून टाक्यावर हातोडी मारायची आणि आखडलेला पत्रा पुन्हा ताणायचा.

म्हणून रॉडचं आर्क वेल्डिंग इथे नको, भोकं पडतात. बिनगॅसच्या फ्लक्स वायरने (आत पावडर भरलेली वायर) शिंतोडे फार उडतात आणि पातळ पत्रा सांभाळणं अवघड जातं. गॅसवाला मिग (वायर आपोआप पुढे सरकवणारं मशीन) घ्या: 0.6 मिलिमीटर वायर, आर्गॉनमध्ये 5 ते 20 टक्के कार्बन डायऑक्साइड, मिनिटाला 8 ते 12 लिटर. वायर धन टोकाला (फ्लक्स वायर असेल तर ऋण). सलग ओढू नका. 25-30 मिलिमीटर अंतराने एकेक टाका, पुढचा टाका लांबच्या टोकाला, हात लावता येईल इतका पत्रा निवला की मधली जागा भरा. टिगचा (टंगस्टनच्या टोकाने आर्क काढणाऱ्या वेल्डिंगचा) टाका मऊ असतो, हातोडीला छान वळतो, पण त्याला गंज अजिबात चालत नाही आणि हातही तयार लागतो.

काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवा. आर्कच्या उजेडाने डोळे भाजले तर बटाट्याच्या चकत्या ठेवायची पद्धत आहे. तिने जखम भरत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

विकत घेण्याआधी दुकानातच 0.9 मिलिमीटरच्या भंगार पत्र्यावर 35 अँपिअरला टाका मारून बघा. आवाज तव्यावरच्या तेलासारखा एकसारखा चुरचुरला पाहिजे. मग पत्रा उलटा करा: मागे बारीक, सलग उठाव दिसला तर टाका आरपार गेलाय, नुसता निळा डाग असेल तर तो वरवरचा आहे.