टेप भाजावी का लागते?

सत्तरच्या दशकात स्टुडिओत आवाज भरलेली टेपची स्पूल, म्हणजे रीळ, आज कपाटातून काढून मशीनवर चढवली, तर कधीकधी ती थोडी धावते आणि किंचाळायला लागते. मशीनच्या हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिकटा साचतो. तशीच दामटली तर ज्या लेपात आवाज साठवलाय तोच पट्टीवरून खरवडून निघतो. म्हणून अशी टेप वाजवण्याआधी भाजतात. अगदी खरोखर, साधारण ५४ अंश सेल्सियसला, कित्येक तास.

याचं कारण म्हणून एक गोष्ट स्टुडिओंमध्ये फिरत आली आहे. टेपला वंगण म्हणून व्हेलचं तेल वापरत. अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेव्हापासून टेपा चिकट झाल्या! गोष्ट झकास आहे आणि काळही जुळतो. पण त्याच वर्षांत आणखी एक बदल झाला होता. लेप पट्टीला धरून ठेवायला पॉलियुरेथेनचा बाइंडर आला. हा बाइंडर हवेतली ओल शोषतो, त्याच्या साखळ्या तुटतात आणि लगदा होतो. अँपेक्स या अमेरिकी कंपनीची ४५६ ही स्टुडिओंची लाडकी टेप यात सर्वांत बदनाम झाली. त्याच काळातल्या बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या टेपा मात्र बहुतेक ठणठणीत राहिल्या. शिवाय तेल कमी पडलं असतं, तर भाजून ते परत कुठून आलं असतं? भाजल्याने ओल जाते, इतकंच. मुंबईच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरलेली ज्यांनी पाहिली, त्यांना ओलीची ताकद वेगळी सांगायला नको.

टेप म्हणजे मुळात लोखंडाची पूड पट्टीला चिकटवण्याचा उद्योग. ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमरने १९२८ मध्ये ती कागदावर चिकटवली. सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टे उठवायचं काम त्याने आधी केलं होतं. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एईजी या जर्मन कंपनीचं मॅग्नेटोफोन हे टेप रेकॉर्डर आलं, पण आवाजामागे खरखर फार. ती घालवली एका बिघाडाने. १९४० मध्ये जर्मन रेडिओचा अभियंता वॉल्टर वेबर काम करत असताना एक अँप्लिफायर आपोआप उच्च वारंवारतेने थरथरू लागला आणि टेप एकदम स्वच्छ वाजली. वेबरने तो बिघाड दुरुस्त करून सोडून दिला नाही, त्याचं कारण शोधलं. कानाला ऐकू न येणारी ती थरथर, म्हणजे बायस, पुढे टेप रेकॉर्डिंगचा पायाच झाली. युद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकी सैनिकाने दोन मॅग्नेटोफोन सुटे करून घरी धाडले. त्यांच्याच धर्तीवर अँपेक्सचं मॉडेल २०० हे टेप रेकॉर्डर बाजारात आलं, १९४८ मध्ये. टेपयुग अमेरिकेत रुजवणारी कंपनी तीच, चिकट टेपेबद्दल शिव्या खाणारीही तीच, आणि भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेणारीही तीच.

विमानतळावरच्या एक्स-रेने टेप पुसते, हीसुद्धा अशीच एक समजूत. एक्स-रेने खराब होते ती फोटोची फिल्म. टेप पुसायला चुंबकच लागतो.

भाजलेली टेप काही आठवडे नीट वाजते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. पण भट्टीत घालण्याआधी स्पूल उजेडासमोर धरावी. कडेने आरपार उजेड दिसला तर पट्टी जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, म्हणजे अ‍ॅसिटेटची आहे. ती भाजायची नसते, उष्णतेने ती कायमची वाकडी होते.