मुक्ती मिशन

मुक्ती मिशन : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथे उभारलेला ख्रिस्ती महिलाश्रम. उपासना, शिक्षण आणि निराश्रितांचा सांभाळ ही तिन्ही कामे येथे एकाच दिनक्रमाचा भाग होती.

स्थापनेचे साल निरनिराळे दिले जाते. केडगावची जमीन मुळात शारदा सदनाला (रमाबाईंनी विधवांसाठी काढलेली निवासी शाळा; मुंबईत स्थापना १८८९, पुण्यात स्थलांतर १८९०) उत्पन्न मिळावे म्हणून फळबागेसाठी घेतली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली व विधवा आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांची सोय केडगावच्या रानात झाली. पक्की वास्तू १८९८ मध्ये उभी राहिली. म्हणून १८९८ हे साल वास्तूचे धरावे व आश्रमाचा आरंभ दुष्काळापासून मोजावा, हे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रार्थना आणि शिक्षण यांच्या एकत्र असण्यावरून वाद आधीच, शारदा सदनात झाला होता. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. यावरूनच १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले.

१९०५ चे संजीवन (सामूहिक धार्मिक जागृती) : त्या वर्षाच्या आरंभी सुमारे सत्तर स्त्रिया रोज सकाळी खास प्रार्थनेसाठी जमू लागल्या, जूनअखेर ही संख्या साडेपाचशेवर गेल्याचे सांगतात. २९ जूनच्या सुमारास पहाटे एका मुलीला आगीने वेढल्यासारखे दिसले आणि सोबतची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली, असे आश्रमातील अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी नोंदवले आहे. नंतर अन्य भाषा बोलण्याचे (प्रार्थनेच्या आवेशात न शिकलेल्या भाषेत बोलण्याचे) प्रकारही घडले. या संजीवनाचा उगम वेल्समधील १९०४–०५ च्या ख्रिस्ती धर्मजागृतीत शोधला जातो. वेल्सच्या बातम्या केडगावी पोचल्या होत्या, हे खरेच. पण प्रार्थनामंडळाची घडण स्थानिक होती. पेंटेकॉस्टल चळवळीचा (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती चळवळ) उगम केवळ लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर (एप्रिल १९०६) मानणारे अभ्यासक मुक्तीला दुय्यम स्थान देतात. अ‍ॅलन अँडरसन यांच्यासारखे अभ्यासक या चळवळीची अनेक उगमस्थाने मानतात. मुक्तीचे संजीवन अझुसाच्या आधीचे आहे आणि एब्रम्स यांची १९०६ मधील पुस्तिका चिलीतील मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) लोकांपर्यंत पोचून तेथील चळवळीला कारण झाली, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. येथील प्रवाहाची दिशा केडगावातून बाहेर जाणारी आहे.

नागरी कार्य : पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उमटले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी मात्र आरोप नाकारले. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला त्या प्रतिनिधी म्हणून हजर होत्या.

शिक्षण व उद्योग : शाळेबरोबर शेती, विणकाम, छपाई असे उद्योग चालत. कृपा सदनात वाट चुकलेल्या (हा त्या काळचा शब्द) स्त्रियांना आसरा होता. अंध मुलींचे शिक्षण कन्या मनोरमा (मृत्यू १९२१) यांनी ब्रेल लिपीतून सुरू केले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतप्रचुर शब्द टाळून खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांनी पत्करली. छपाईचे कामही आश्रमाच्या छापखान्यात स्त्रियांनीच केले. संपूर्ण बायबल रमाबाईंच्या निधनानंतर बाहेर पडले. आश्रम आजही केडगावी चालू आहे.