जुन्या नोंदी आपोआप काढण्याची सोय : काय जातं, काय राहतं
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, रत्नागिरी)

नमस्कार.

कॅनिंगच्या दिवसांत तुमच्या कारखान्याच्या दारात आंब्याचा टेम्पो लागला की आमच्या वर्कफ्लोमध्ये, म्हणजे काम एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक फाइल उघडते. वजन, प्रतवारी, दर, मंजुरी, पैसे. बागायतदाराच्या हातात जाते ती एक पावती. डेटाबेसमध्ये मात्र त्याच टेम्पोमागे ओळींची रांग पडते : वजन कोणी टाकलं, किती वाजता, मंजुरीला कोणाकडे गेलं, त्यांनी उघडून पाहिलं का, आठवणीचा मेसेज किती वेळा सुटला. पैसे जमा झाले की यातल्या बहुतेक ओळींचं काम संपतं. त्या जात मात्र नाहीत. दरवर्षीचा हंगाम आधीच्या हंगामावर साचत जातो.

या नोंदी साठवायला तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०२२ या डेटाबेस सॉफ्टवेअरची मोफत मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती आहे. तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की नवी नोंद घेतलीच जात नाही. हे श्रावणात होत नाही, मे महिन्यात होतं, कारण नोंदी तेव्हाच सगळ्यात जास्त पडतात. म्हणून या पावसाळ्यापासून जुन्या नोंदी आपोआप काढण्याची सोय आम्ही बसवत आहोत.

काय काढणार, काय नाही

पावती, बिल आणि खात्यावरची नोंद ही सोय कधीही काढत नाही. ती काढते फाइल कुठून कुठे फिरली याचा माग. त्यातही दर किंवा रक्कम बदलल्याची नोंद आम्ही या मागात धरलेली नाही, ती हिशेबाबरोबरच राहील. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी लागते, आणि कंपनी कायद्याप्रमाणे हिशेब ८ आर्थिक वर्षं जपावे लागतात. ज्यांची फर्म भागीदारीची आहे त्यांनाही आम्ही हेच करायला सांगतो.

जीएसटीची मुदत मोजताना गफलत होते. ७२ महिने मोजायचे ते व्यवहाराच्या तारखेपासून नव्हे, तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून. म्हणजे २०२३-२४ चे कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवायचे. अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, किंवा मूळ मुदत, यांतलं जे उशिराचं असेल ते. खाद्यपदार्थांच्या उत्पादनाच्या नोंदी एक वर्ष किंवा मालाची टिकण्याची मुदत, यांपैकी जे जास्त असेल तितका काळ लागतात. तुमच्या आमरसाच्या डब्यावर २ वर्षं छापली असतील, तर त्या बॅचचा माग २ वर्षांच्या आत आम्ही हलवणार नाही.

बागायतदाराच्या पासबुकाचे आणि आधारचे फोटो हा वेगळा विषय आहे. मोबाइलवरून चढवलेला एक फोटो हजारो ओळींइतकी जागा खातो. शिवाय वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याचा रोख असा की काम संपलं आणि दुसरा कायदा ठेवायला सांगत नसेल, तर ती माहिती पुसावी. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आपण विनाकारण साठवू नयेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

रात्री नेमकं काय होतं

विंडोजच्या टास्क शेड्यूलरवरून रात्री अडीच वाजता काम सुरू होतं. आधी पूर्ण झालेल्या फाइल्स शोधल्या जातात. वय मोजलं जातं ते फाइल उघडल्यापासून नाही, शेवटचा टप्पा संपल्यापासून. एखादी तक्रार आठ महिने चालली, तर तिचं वय ती मिटल्यावर सुरू होतं. मग आधी पोटनोंदी आणि शेवटी मूळ नोंद, अशा क्रमाने २,००० ओळींच्या आतले गट करून त्या काढल्या जातात, आणि दोन गटांमध्ये थोडी उसंत ठेवली जाते.

गट छोटे का, ते आम्ही चुकून शिकलो. एका ग्राहकाकडे तीन वर्षांचा माग आम्ही भर दुपारी एकाच कमांडने काढायला घेतला. ओळ काढताना तिला कुलूप लागतं, म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला ती बदलता येत नाही. साधारण ५,००० च्या वर ओळींना असं कुलूप लागलं की एसक्यूएल सर्व्हर अख्ख्या टेबललाच कुलूप लावू शकतो. तसंच झालं. मंजुरीचा पडदा गोठला. काढलेली प्रत्येक ओळ लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या बदलांच्या नोंदवहीतही लिहिली जाते, त्यामुळे लॉगने डिस्क भरली. कमांड थांबवली, तर केलेलं उलटं फिरवायला आणखी वेळ गेला. बाहेर टेम्पो खोळंबले होते आणि आतली माणसं वजनं वहीत लिहीत होती. चूक पूर्णपणे आमची होती.

छोट्या गटांचा पावसाळ्यातही उपयोग होतो. मध्येच लाइट गेली तर फक्त हातातला गट मागे फिरतो, आधीचे गट पक्के राहतात आणि पुढच्या रात्री काम तिथूनच सुरू होतं. विजा चमकायला लागल्या की आपण मेन स्विच पाडतो. तो जरूर पाडा, एखादी रात्र चुकल्याने काही बिघडत नाही. फक्त रोज संध्याकाळी सवयीने सर्व्हर बंद करू नका.

काढून झाल्यावर डेटाबेसची फाइल तेवढीच मोठी दिसेल. घाबरून फोन करू नका. आत जागा मोकळी झालेली असते आणि नव्या नोंदी तिथेच बसतात.

बॅकअप

आदल्या रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला नसेल तर ही सोय एकही ओळ काढत नाही. तो बॅकअप खरंच उघडतो का, हे आम्ही महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर चढवून पाहतो. एक प्रत इमारतीबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावात ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचा संगणक आणि शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात जाऊ शकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

तुमच्याकडून काय हवं

सोबतच्या तक्त्यात प्रत्येक प्रकारच्या फाइलसमोर मुदत लिहून, तुमच्या सीएंना दाखवून, सही करून द्या. ही मुदत आम्ही ठरवणार नाही. ज्या फाइलवर वाद किंवा नोटीस चालू आहे तिला पडद्यावर ‘राखीव’ अशी खूण करा. ती खूण असेपर्यंत फाइलला हात लागणार नाही.

पहिला महिना काहीच काढलं जाणार नाही. रोज सकाळी फक्त यादी येईल : आज हे गेलं असतं. ती वाचा. त्याखाली दुसरी यादी असेल, वर्षानुवर्षं मंजुरीत अडकलेल्या फाइल्सची. कोणी सोडून गेलं, कोणाची बदली झाली, आणि फाइल तिथेच राहिली. या आम्ही आपोआप काढत नाही, कारण त्यांतल्या एखादीत कोणाचे तरी पैसे द्यायचे राहिलेले असू शकतात. प्रत्येक फाइल उघडून, कारण लिहून ती तुम्हीच बंद करायची आहे. गणपतीत निम्मं ऑफिस सुट्टीवर जायच्या आत ही यादी हातावेगळी करा, आमचा माणूस दोन दिवस तुमच्याकडे येऊन बसेल.