रक्त देण्याआधी: डेंग्यूची तपासणी आणि तापाचा दिवस

पावसाळ्यात आमच्या नौपाड्याच्या काउंटरवर एक वाद ठरलेला. "परवा तुम्हीच निगेटिव्ह दिलंत, आज पॉझिटिव्ह कसं?" लॅबकडून चूक होतच नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दोन्ही रिपोर्ट खरे असतात, फरक असतो तो रक्त कोणत्या दिवशी घेतलं त्याचा. असं का, ते शरीर विषाणूशी कसं लढतं हे पाहिलं की कळतं.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. ती सुजलेली गाठ म्हणजे लसिका ग्रंथी. अशा ग्रंथींत बी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतात, अस्थिमज्जेत तयार होऊन आलेल्या. प्रत्येकीला एकच ठरावीक आकार ओळखता येतो. डेंग्यूचा विषाणू आला, तर त्याचा तुकडा ज्यांना नेमका बसतो त्या मोजक्याच पेशी जाग्या होतात, बाकीच्या ढिम्म. जागी झालेली पेशी टी पेशींच्या (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) मदतीने वाढत जाते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. त्यातल्या काही मग सेकंदाला हजारो अँटीबॉडी रक्तात सोडतात. या अँटीबॉडी विषाणूला चिकटून त्याची पेशीत शिरायची वाट अडवतात. काही पेशी मात्र नुसती ओळख लक्षात ठेवून वर्षानुवर्षं बसून राहतात.

या सगळ्याला साधारण चार-पाच दिवस जातात. म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम (आधी तयार होणारी अँटीबॉडी) निगेटिव्ह आलं, तरी डेंग्यू नाही असं समजू नका. तेव्हा एनएस१ करतात, कारण ते विषाणूचंच प्रथिन. पाचव्या दिवसानंतर आयजीएम जास्त कामाचं. ते दोन-तीन महिने रक्तात रेंगाळू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

आयजीजी (दुसऱ्या प्रकारची अँटीबॉडी) पहिल्या खेपेला उशिरा येतं आणि वर्षानुवर्षं राहतं. नुसतं तेवढंच पॉझिटिव्ह असेल, तर बहुधा डेंग्यू पूर्वी होऊन गेलेला असतो. पण "मला झालाय, आता भीती नाही" हे चुकीचं. डेंग्यूचे प्रकार चार. एकाची अँटीबॉडी दुसऱ्याला पुरी पडत नाही, उलट कधीकधी त्याला पेशीत शिरायला हातभारच लावते. त्यामुळे दुसऱ्या खेपेला डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

उपाशीपोटी यायची गरज नाही. आधीचा रिपोर्ट असेल तर आणा. फॉर्मवर "तापाचा दिवस" असा चौकोन आहे, तो रिकामा सोडू नका. ताप आला तो दिवस पहिला. वार आठवत नसेल, तर ऑफिसला पहिली दांडी कधी पडली ते आठवा.